रेशनकार्डावरचं नाव काढू नका

आश्रम सोडल्यावर पहिले काही महिने मी आजारी असल्यासारखी वावरत होते. पहाटे साडेतीनला आपोआप जाग यायची. प्रार्थनेला जायचं नाही, मग करायचं काय? स्कूटर पंक्चर झाली तरी पोटात गोळा यायचा. गुरुद्रोह करणाऱ्याच्या घरी वर्षाच्या आत अघटित घडतं, हे आमच्याकडे सगळ्यांना पाठ होतं. मैत्रिणी तर एका रात्रीत तुटल्या. माझ्या बाळंतपणात माझ्याकडे येऊन राहिलेली बाई एकदा वाण्याच्या दुकानात समोर आली आणि यादी तशीच काउंटरवर टाकून निघून गेली.

गुरू करणं आपल्याकडे नवं नाही, आणि प्रत्येक मठ वाईट असंही मी म्हणणार नाही. वारकरी माळ घालतो, एकादशी धरतो. पण यंदा वारी चुकली म्हणून त्याच्या दारात कोणी जाब विचारायला येत नाही. म्हणून मला कोणी ‘आमचं मंडळ कसं वाटतं?’ असं विचारलं, की मी उलट विचारते, उद्यापासून येत नाही म्हणालात तर काय होईल? उत्तर देताना समोरचा अडखळला, की मला पुढचं विचारावं लागत नाही.

अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञ रॉबर्ट लिफ्टन यांनी चीनमधल्या ‘विचारसुधारणे’तून बाहेर आलेल्या माणसांचा अभ्यास करून 1961 साली पुस्तक लिहिलं. मन ताब्यात घेणाऱ्या वातावरणाची आठ लक्षणं त्यांनी त्यात सांगितली. त्यातलं एक म्हणजे सतत कबुली देण्याचा आग्रह. वाचताना मला घाम फुटला. आम्ही मनातले विकार पत्रात लिहून गुरुजींना कळवायचो, नवऱ्याशी झालेल्या भांडणासकट. ती पत्रं अजून तिथेच आहेत.

माझी ताईही तिथेच आहे. शाळेत गणित शिकवायची. ‘एवढी शिकलेली बाई कशी फसते?’ असं नातेवाईक विचारतात, तेव्हा मी त्यांना शिकागोजवळची हकीकत सांगते. 21 डिसेंबर 1954 रोजी महापूर येणार, त्याआधी उडती तबकडी आपल्याला घेऊन जाणार, असं तिथला एक गट मानत होता. काहींनी त्यापायी नोकरीवर पाणी सोडलं होतं. पूर आला नाही, तबकडीही आली नाही. मग ‘आपल्या श्रद्धेमुळेच जग वाचलं’ असा निरोप आला आणि एरवी वार्ताहरांना टाळणारी ही माणसं स्वतःहून त्यांना फोन करू लागली. लिऑन फेस्टिंगर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हे आत शिरून पाहिलं होतं. ताईनेही नोकरी सोडली, पीएफ आश्रमाला दिला. गुरुजी खोटे ठरले, तर या सगळ्याचं काय, हा हिशेब तिला करावा लागेल. आपण पुरावे नेऊन तिच्यासमोर आपटतो, तेव्हा तोच हिशेब चारचौघांत मागत असतो. ती मागे कशी सरेल?

बाबांचा विचार वेगळा होता: गाडी घेऊन जायचं आणि उचलून आणायचं. 1970च्या दशकात अमेरिकेतल्या कित्येक आईबापांनी हेच केलं. टेड पॅट्रिक नावाचा माणूस पैसे घेऊन सज्ञान मुलांना पळवून आणायचा, कोंडून ठेवायचा आणि त्यांची श्रद्धा मोडेपर्यंत बोलत राहायचा. शेवटी तोच तुरुंगात गेला. स्टीव्हन हॅसन या तरुणाची हकीकत मला जास्त आठवते. तो मून नावाच्या गुरूच्या युनिफिकेशन चर्चमध्ये होता. 1976 साली झोप न मिळाल्यामुळे गाडी चालवताना त्याचा डोळा लागला आणि अपघात झाला. मोडलेला पाय घेऊन तो बहिणीकडे विश्रांतीला गेला आणि तिथे घरच्यांनी बोलावलेल्या माजी अनुयायांशी त्याची गाठ पडली. पुढे लोकांना अशा गटांतून बाहेर काढण्याच्या कामात आयुष्य घालवताना तो जबरदस्तीच्या विरोधात गेला. मला त्यातली बहीण महत्त्वाची वाटते. जायला घर होतं.

कायद्याचा आधार मर्यादित आहे. डॉ. नरेंद्र दाभोलकरांच्या हत्येनंतर, 2013 साली, महाराष्ट्रात जादूटोणाविरोधी कायदा आला. अघोरी प्रकार, चमत्काराच्या नावाने फसवणूक, भूत काढण्यासाठी मारहाण यांवर तो चालतो. पण सज्ञान बाई राजीखुशीने आश्रमात राहते म्हणाली, की पोलिसांचे हात बांधलेले.

म्हणून मी फोन करते. ताईचा फोन बहुतेक स्पीकरवर असतो, शेजारी कोणीतरी असतं. ‘गुरुकृपेने सगळं उत्तम,’ इथून सुरुवात होते. मी गुरुजींचं नावही काढत नाही. ‘चकली तळताना विरघळतेय गं, भाजणीत काय कमी पडलं?’ असं विचारते. मग ती मोहन किती घातलं, पाणी गार होतं का, असं विचारत तावातावाने बोलते, माझी अक्कल काढते, आणि तेवढा वेळ ती माझी ताई असते.

बाकी कामं कागदाची आहेत. तिचं नाव रेशनकार्डावर आहे. पदवीची प्रमाणपत्रं माझ्या कपाटात आहेत. रोख रक्कम मी देत नाही, ती आश्रमाच्या दानपेटीत जाते. चष्मा, चपला, रक्तदाबाच्या गोळ्या पाठवते. वहिनी म्हणते, किती दिवस हे लाड? मी तिच्याशी भांडत नाही. तिच्या मंगळसूत्राचे पैसेही ताईच्या शब्दाखातर तिकडेच गेलेत.

गेल्या दिवाळीत ताईने मध्येच विचारलं, ‘माझं बँकेचं खातं चालू आहे का गं?’ आहे म्हटलं. का, ते विचारलं नाही. दुसऱ्या दिवशी बँकेत जाऊन केवायसीसाठी काय लागतं, तेवढं विचारून आले.