रोज दीड किलो मीठ

आपल्या मूत्रपिंडांतून चोवीस तासांत सुमारे १८० लिटर पाणी गाळलं जातं आणि त्यासोबत जवळजवळ दीड किलो मीठ. त्यातलं ९९ टक्क्यांहून अधिक मीठ मूत्रपिंडं पुन्हा रक्तात ओढून घेतात. लघवीवाटे जातं ते थोडंसंच, साधारण आपण जेवणातून घेतलेलं असतं तेवढं. एखाद्या लग्नात पापड-लोणच्यावर ताव मारला, तर पुढच्या एकदोन दिवसांत हा हिशेब बिनबोभाट जुळवून टाकला जातो. हे वाचल्यापासून पानात डावीकडे वाढलेल्या चिमूटभर मिठाकडे मी वेगळ्याच नजरेनं बघते.

मिठाला इतकं धरून का ठेवायचं? कारण जमिनीवर उगवणाऱ्या अन्नात सोडियम फारच कमी असतं. कंद, फळं, पाला, शेंगा या सगळ्यांत पोटॅशियम भरपूर, सोडियम जेमतेम. माणसाचं शरीर लाखो वर्षं अशा आहारावर घडलं. मिळेल ते सोडियम जपायचं आणि पोटॅशियम बिनदिक्कत बाहेर टाकायचं, हीच त्याची रीत झाली.

ॲमेझॉनच्या जंगलातले यानोमामी लोक अलीकडेपर्यंत तसंच जेवत होते. केळी, कसावाचे कंद आणि शिकार, पण वरून मीठ नाही. ३२ देशांतल्या दहा हजारांहून अधिक लोकांची चोवीस तासांची लघवी तपासणारा एक मोठा अभ्यास १९८८ साली प्रसिद्ध झाला, त्यात हेही होते. त्यांच्या लघवीत सोडियम जवळपास नव्हतंच. सरासरी रक्तदाब होता ९५/६१, आणि वयाबरोबर तो वाढतही नव्हता! सडपातळ अंगकाठी आणि अंगमेहनत यांचाही त्यात वाटा असणार. तरीही ‘वय झालं की बीपी वाढायचंच’ हे आपण किती सहज गृहीत धरलंय, ते या आकड्यांपुढे जाणवतं.

मला याहूनही थक्क करते ती पेशीच्या आवरणातली गोष्ट. आपल्या जवळजवळ प्रत्येक पेशीच्या आत पोटॅशियम बाहेरच्यापेक्षा सुमारे तीसपट असतं, तर सोडियम बाहेर जास्त. हा फरक आपोआप टिकत नाही. आवरणात बसवलेले सूक्ष्म पंप दर फेरीला सोडियमचे तीन कण बाहेर टाकतात आणि पोटॅशियमचे दोन आत घेतात. आपण गाढ झोपलेले असतानाही शरीराची सुमारे पाचवा हिस्सा ऊर्जा या एका कामावर खर्च होते. मज्जातंतूतून संदेश धावतो, हृदय आकुंचन पावतं, तेही याच फरकाच्या जोरावर.

हा पंप सापडला खेकड्याच्या पायात. डेन्मार्कमधल्या आऱ्हूसचे डॉक्टर येन्स स्को भूल देणाऱ्या औषधांचं कोडं सोडवत होते. किनाऱ्यावरच्या खेकड्यांच्या पायांतल्या नसा वाटून त्यातलं एक विकर ते तपासत होते. सोडियम आणि पोटॅशियम दोन्ही हजर असले, तरच ते जोमानं कामाला लागे. १९५७ साली त्यांनी हे प्रसिद्ध केलं. नोबेल मिळालं १९९७ साली, चाळीस वर्षांनी.

सोडियम आणि पोटॅशियम असे जोडीनंच काम करतात, म्हणून केवळ ‘मीठ कमी करा’ म्हणणं मला अपुरं वाटतं. पोटॅशियम कमी पडलं, की मूत्रपिंडातल्या नळ्या सोडियम अधिक जोरानं परत ओढू लागतात. ज्या वाटेनं ते ओढलं जातं, तीच वाट रक्तदाबावरच्या एका प्रकारच्या ‘लघवीच्या गोळ्या’ अडवतात. म्हणजे ताटात डाळी-भाज्या कमी झाल्या, तर तेवढंच मीठ शरीराला जास्त जड जातं.

चीनमध्ये हे ६०० गावांत पडताळून पाहिलं गेलं. आधी पक्षाघात होऊन गेलेले किंवा साठी ओलांडलेले आणि रक्तदाब जास्त असलेले जवळपास एकवीस हजार लोक त्यात होते. निम्म्या गावांना असं मीठ दिलं, ज्यात एक चतुर्थांश पोटॅशियम क्लोराइड होतं. २०२१ साली निकाल आला. सुमारे पाच वर्षांत त्या गावांत पक्षाघाताचं प्रमाण १४ टक्क्यांनी कमी राहिलं. एवढा फरक पडला तो स्वयंपाकघरातलं मीठ बदलल्यानं!

जागतिक आरोग्य संघटना प्रौढांना दिवसाला पाच ग्रॅमपेक्षा कमी मीठ आणि किमान साडेतीन ग्रॅम पोटॅशियम सुचवते. आपल्याकडे मीठ नुसतं डब्यातून येत नाही. फरसाण, पाव, लोणचं, सुकट यांतून ते येतं, आणि पापडात तर पापडखारही सोडियमचाच. सैंधव किंवा काळं मीठ घेतलं तरी फारसा फरक पडत नाही, कारण तेही मुख्यतः सोडियम क्लोराइडच. शिवाय त्यात आयोडीन घातलेलं नसेल, तर तेवढा तोटाच. दुसऱ्या पारड्यात रताळं, मूग, हरभरा, पालक, केळं. एका पेलाभर शहाळ्याच्या पाण्यात सुमारे अर्धा ग्रॅम पोटॅशियम असतं. पोटॅशियम पाण्यात उतरतं, म्हणून पुरणाची डाळ शिजवून निथळलेलं पाणी कटाच्या आमटीत वापरणाऱ्या बायकांचं मला फार कौतुक वाटतं.

ज्यांची मूत्रपिंडं अधू आहेत, त्यांचं मात्र सगळं उलटं होतं. पोटॅशियम बाहेर टाकता न आल्यानं ते रक्तात साठतं, आणि दुपटीवर गेलं तर हृदयाचे ठोके थांबू शकतात. रक्तदाबाच्या काही गोळ्याही पोटॅशियम अडवून धरतात. अशा माणसांनी पोटॅशियम मिसळलेलं ते मीठ डॉक्टरांना विचारल्याशिवाय वापरू नये. त्यांच्या घरात भाजी चिरून भरपूर पाण्यात उकडायची आणि ते पाणी ओतून द्यायचं.