वैमानिकांचा थकवा

वैमानिकांचा थकवा म्हणजे अपुरी झोप, दीर्घ जागरण, शरीराच्या जैविक घड्याळाशी विसंगत अशा कामाच्या वेळा आणि कामाचा भार यांमुळे वैमानिकाच्या शारीरिक व मानसिक कार्यक्षमतेत होणारी घट होय. प्रवासी विमानवाहतुकीच्या सुरक्षिततेत यंत्रातील बिघाड व हवामान यांच्याइतकाच महत्त्वाचा घटक म्हणून आज त्याचा अभ्यास केला जातो. थकलेल्या माणसाला आपण किती थकलो आहोत याचा अचूक अंदाज येत नाही, ही या विषयातील मूळ अडचण आहे. त्यामुळे केवळ वैमानिकाच्या स्वतःच्या निर्णयावर विसंबून न राहता कामाचे तास आणि विश्रांती आधीच नियमांनी ठरवून देण्याची पद्धत जगभर रूढ झाली आहे.

स्वरूप

श्रमाने येणारा सामान्य शीण आणि हा थकवा यांत फरक आहे. वैमानिक बहुतेक वेळ आसनावर बसून असतो आणि उड्डाणाचा मोठा भाग स्वयंचलित यंत्रणा सांभाळते. मात्र उपकरणांवर सतत लक्ष ठेवणे, नियंत्रण कक्षाच्या सूचना ऐकणे आणि अनपेक्षित प्रसंगी त्वरित निर्णय घेणे ही कामे त्याचीच असतात. थकव्यामुळे प्रतिसादाला विलंब होतो, लक्ष एकाच गोष्टीवर खिळून राहते, ऐकलेली सूचना विसरली जाते आणि चुकत चाललेला निर्णय बदलण्याची मानसिक लवचिकता कमी होते. कधी काही सेकंदांची डुलकी लागते आणि ती लागल्याचे त्या व्यक्तीला कळतही नाही.

सन १९९७ मध्ये डॉसन व रीड या संशोधकांनी 'नेचर' या नियतकालिकात प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार, सलग १७ तास जागे राहिलेल्या व्यक्तीची कार्यक्षमता रक्तात ०.०५ टक्के मद्यार्क असलेल्या व्यक्तीइतकी घटते. भारतात उड्डाणापूर्वी वैमानिकांची मद्यार्कासाठी श्वासचाचणी घेतली जाते. थकवा मोजणारी अशी सोपी व खात्रीची चाचणी मात्र उपलब्ध नाही.

वैमानिकाचा दिनक्रम आणि थकव्याची कारणे

व्यावसायिक वैमानिकाच्या कामाचे मोजमाप दोन प्रकारे होते. विमान उड्डाणासाठी जागेवरून हलल्यापासून प्रवास संपून थांबेपर्यंतचा वेळ म्हणजे उड्डाणकाल. कामावर हजर झाल्यापासून शेवटच्या उड्डाणानंतर विमान थांबेपर्यंतचा वेळ म्हणजे कर्तव्यकाल. प्रवाशाला दोन तासांचे उड्डाण दिसत असले, तरी त्याआधी हवामानाचा अहवाल, मार्गाची माहिती, इंधनाचा हिशेब आणि विमानाची बाह्य पाहणी ही कामे झालेली असतात. पहाटे पाचचे विमान नेणाऱ्या वैमानिकाला मध्यरात्रीनंतर थोड्याच वेळात उठावे लागते आणि त्यासाठी संध्याकाळी लवकर झोपणे बहुतेकांना साधत नाही.

मानवी शरीराचे जैविक घड्याळ साधारण २४ तासांच्या चक्राने चालते. पहाटे दोन ते सहा हा या चक्रातील सर्वांत मंद काळ असून त्या वेळी शरीराचे तापमान आणि सावधपणा दोन्ही नीचांकी असतात. दिवसा पुरेशी झोप घेतलेल्या व्यक्तीवरही या काळाचा परिणाम होतो. लांब पल्ल्याच्या उड्डाणांत अनेक कालविभाग ओलांडले जातात आणि शरीराला नव्या वेळेशी जुळवून घेण्यास कित्येक दिवस लागतात. देशांतर्गत उड्डाणांत कालविभागाचा प्रश्न नसला, तरी एकाच दिवशी अनेकदा उड्डाण करणे व उतरणे यांमुळे कामाचा भार वाढतो. एका दिवशी पहाटेची आणि काही दिवसांनी मध्यरात्रीची पाळी आल्यास झोपेची वेळ सतत बदलत राहते.

उल्लेखनीय अपघात

१८ ऑगस्ट १९९३ रोजी क्यूबातील ग्वांतानामो बे येथील धावपट्टीजवळ डीसी-८ जातीचे एक मालवाहू विमान कोसळले. विमानातील तिघेही वाचले. ते सुमारे १८ तास कामावर होते. अमेरिकेच्या राष्ट्रीय वाहतूक सुरक्षा मंडळाने या अपघाताच्या संभाव्य कारणात थकव्याचा समावेश केला. मोठ्या विमान अपघाताच्या कारणात थकवा स्पष्टपणे नोंदवला जाण्याचा हा पहिला प्रसंग मानला जातो.

१२ फेब्रुवारी २००९ रोजी अमेरिकेत बफेलो शहराजवळ कोल्गन एअरचे विमान कोसळून जमिनीवरील एका व्यक्तीसह ५० जणांचा मृत्यू झाला. विमानाची गती घटल्याच्या इशाऱ्याला मुख्य वैमानिकाने दिलेला चुकीचा प्रतिसाद हे कारण ठरले. दोघाही वैमानिकांची आदली रात्र नीट विश्रांतीची नव्हती. सहवैमानिक रात्रभर प्रवास करून कामाच्या ठिकाणी पोहोचली होती. थकव्याने त्यांच्या कामगिरीवर परिणाम झाला असावा, परंतु तो नेमका किती हे ठरवता येत नाही, असे चौकशीत नोंदवले गेले.

२२ मे २०१० रोजी दुबईहून आलेले एअर इंडिया एक्सप्रेसचे बोइंग ७३७ विमान मंगळूर येथे धावपट्टी ओलांडून दरीत कोसळले. विमानातील १६६ जणांपैकी १५८ जण मृत्युमुखी पडले. हवाई दलाचे निवृत्त उपप्रमुख एअर मार्शल भूषण गोखले यांच्या अध्यक्षतेखालील चौकशी न्यायालयाने या अपघाताचा तपास केला. अयोग्य रीतीने चाललेले अवतरण मुख्य वैमानिकाने सोडून दिले नाही, हे प्रत्यक्ष कारण ठरले. अवतरण रद्द करून पुन्हा वर जाण्याची सूचना सहवैमानिकाने तीन वेळा केली होती.

कॉकपिटमधील ध्वनिमुद्रणावरून मुख्य वैमानिक उड्डाणादरम्यान दीड तासाहून अधिक काळ झोपलेला असल्याचे आढळले. गाढ झोपेतून उठल्यानंतर काही काळ मन सुस्त राहते. या अवस्थेला निद्राजडत्व म्हणता येईल. त्यामुळे आणि पहाटेच्या मंद काळामुळे त्याच्या निर्णयशक्तीवर परिणाम झाला असावा, असे अहवालात म्हटले आहे. उड्डाणापूर्वी त्याला पुरेसा विश्रांतीकाळ उपलब्ध होता, हेही अहवालाने नोंदवले. केवळ नियमानुसार विश्रांती मिळाली म्हणून वैमानिक सावध असेलच असे नाही, हे या अपघाताने दाखवून दिले.

कर्तव्यकालाचे नियम

आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेने सदस्य देशांना वैमानिकांच्या कामाच्या तासांवर मर्यादा घालणे बंधनकारक केले आहे. सन २०११ मध्ये तिने थकवा-जोखीम व्यवस्थापन प्रणालीची मानकेही स्वीकारली. या प्रणालीत विमान कंपनी केवळ तास मोजत नाही, तर झोपेची माहिती, वैमानिकांचे अहवाल आणि वेळापत्रके यांचा सतत अभ्यास करून जोखीम कमी करते.

कोल्गन अपघातानंतर मृतांच्या नातेवाइकांनी चिकाटीने पाठपुरावा केला. अमेरिकेचे नवे नियम ४ जानेवारी २०१४ पासून लागू झाले. त्यानुसार कामावर येण्याआधी किमान १० तासांची विश्रांती आणि तीत सलग ८ तास झोपेची संधी मिळणे आवश्यक आहे. एका वेळचा कर्तव्यकाल हजर होण्याच्या वेळेनुसार आणि उड्डाणांच्या संख्येनुसार बदलतो. रात्री सुरू होणारा कर्तव्यकाल सर्वांत कमी असतो. युरोपीय नियमांत एका कॅलेंडर वर्षात ९०० तास उड्डाणाची मर्यादा आहे.

भारतातील नियम

भारतात हे नियम नागरी विमान वाहतूक महासंचालनालय ठरवते. जानेवारी २०२४ मध्ये जाहीर झालेल्या सुधारित नियमांनी साप्ताहिक विश्रांती ३६ तासांवरून ४८ तास केली. 'रात्र' ही मध्यरात्र ते पहाटे पाचऐवजी सकाळी सहापर्यंत धरण्यात आली आणि रात्रीच्या कामात विमान उतरवण्याची कमाल मर्यादा सहावरून दोनवर आणली गेली. कंपन्यांनी थकव्याच्या तक्रारींचा तिमाही अहवाल सादर करावा, अशीही तरतूद करण्यात आली.

हे नियम जून २०२४ पासून लागू होणार होते, परंतु त्यांची अंमलबजावणी लांबली. वैमानिक संघटनांच्या दिल्ली उच्च न्यायालयातील याचिकांनंतर ते जुलै व नोव्हेंबर २०२५ अशा दोन टप्प्यांत लागू झाले. डिसेंबर २०२५ च्या सुरुवातीला इंडिगो कंपनीची हजारो उड्डाणे रद्द झाली. नव्या नियमांनुसार वैमानिकांचे नियोजन अपुरे पडणे हे त्याचे एक प्रमुख कारण होते. महासंचालनालयाने कंपनीला काही तरतुदींतून तात्पुरती सूट दिली. या घटनेमुळे वैमानिकाची विश्रांती, कंपनीचे मनुष्यबळ आणि प्रवाशांची सोय यांचा परस्परसंबंध सर्वसामान्यांच्या चर्चेत आला.

उड्डाणादरम्यानचे उपाय

अतिदीर्घ उड्डाणांत दोनऐवजी तीन किंवा चार वैमानिक नेमले जातात आणि ते आळीपाळीने विमानातील विश्रांतीकक्षात झोपतात. दोनच वैमानिक असताना एकाने आसनावरच थोडा वेळ झोपावे आणि दुसऱ्याने विमान सांभाळावे, या पद्धतीला नियंत्रित विश्रांती म्हणतात. नासाने केलेल्या अभ्यासात ४० मिनिटांची संधी मिळालेल्या वैमानिकांना सरासरी २६ मिनिटे झोप लागली आणि त्यानंतर त्यांचा सावधपणा लक्षणीय वाढला. निद्राजडत्व टाळण्यासाठी ही झोप थोडकी ठेवतात आणि विमान खाली येऊ लागण्याच्या पुरेसे आधी संपवतात. हा अभ्यास अमेरिकेत झाला असला, तरी तेथील नियमांत या पद्धतीला परवानगी नाही.

थकव्याची कबुली

अमेरिकन नियमांनुसार थकलेल्या वैमानिकाने उड्डाण स्वीकारू नये आणि कंपनीनेही त्याला उड्डाण करू देऊ नये. ही जबाबदारी दोघांची आहे. मात्र "मी आज थकलो आहे" असे सांगितल्यास वेतन, बढती किंवा वरिष्ठांचे मत यांवर परिणाम होईल अशी भीती असल्यास वैमानिक ते सांगण्याचे टाळतो. म्हणून प्रामाणिक कबुलीबद्दल शिक्षा न करण्याचे धोरण महत्त्वाचे मानले जाते. सन १९७६ पासून नासा चालवत असलेली ऐच्छिक व गोपनीय अहवाल प्रणाली याच तत्त्वावर आधारलेली आहे. अपघात घडण्याआधी थकव्याची माहिती मिळवण्याचा मुख्य मार्ग म्हणजे वैमानिकाचे स्वतःचे निवेदन. ते निर्भयपणे करता आले, तरच कर्तव्यकालाच्या नियमांचा हेतू साध्य होतो.