लहान उपग्रहांची नोंदवही

दिनांक २२ जून २०१६ रोजी श्रीहरिकोटा येथून पीएसएलव्ही-सी३४ या प्रक्षेपकाने एकाच उड्डाणात २० उपग्रह अवकाशात नेले. मुख्य उपग्रह सातशे किलोंहून अधिक वजनाचा होता. पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयातील विद्यार्थ्यांनी घडविलेला ‘स्वयम्’ मात्र जेमतेम एक किलोचा. अशा लहान उपग्रहांच्या प्रक्षेपणांचा डेटाबेस तयार करण्याचे आम्ही योजिले, तेव्हा प्रत्येक उड्डाणास एक ओळ पुरेल असे वाटले होते. पहिल्याच नोंदीने तो समज खोटा ठरविला.

उड्डाण एक आणि उपग्रह वीस. म्हणून आम्ही दोन तक्ते केले. पहिल्यात प्रक्षेपणाची तारीख, स्थळ व प्रक्षेपक. दुसऱ्यात उपग्रहाचे नाव, वजन, निर्माते व कक्षा. कक्षा दुसऱ्या तक्त्यात ठेवण्यास कारण आहे. २६ सप्टेंबर २०१६ च्या पीएसएलव्ही-सी३५ उड्डाणात आठ उपग्रह दोन निरनिराळ्या कक्षांत सोडण्यात आले. मुंबईच्या आयआयटीतील विद्यार्थ्यांचा ‘प्रथम’ त्यांपैकीच एक.

दोन्ही तक्ते जोडण्यासाठी आंतरराष्ट्रीय क्रमांक उपयोगी पडतो. त्यात वर्ष, त्या वर्षातील उड्डाणाचा अनुक्रम आणि शेवटी प्रत्येक उपग्रहाचे अक्षर असते. परंतु कक्षेत न पोहोचलेल्या उड्डाणास असा क्रमांक सहसा मिळत नाही. केवळ त्यावर विसंबल्यास अपयशी उड्डाणे नोंदीतून गळून पडतात. म्हणून आम्ही प्रत्येक नोंदीस स्वतःचा क्रमांक दिला व ‘स्थिती’ हा स्वतंत्र रकाना ठेवला.

या रकान्याचे मोल ‘आझादीसॅट’ने पटवून दिले. देशातील ७५ शाळांतील ७५० मुलींनी मिळून साकारलेला हा उपग्रह ७ ऑगस्ट २०२२ रोजी एसएसएलव्हीच्या पहिल्या उड्डाणात निघाला. ३५६ किलोमीटर उंचीची वर्तुळाकार कक्षा अपेक्षित होती. प्रत्यक्षात ती लंबवर्तुळाकार झाली आणि तिचे एक टोक अवघ्या ७६ किलोमीटरवर आले. तेथील हवेच्या घर्षणामुळे उपग्रह टिकू शकला नाही. पुढे १० फेब्रुवारी २०२३ रोजी ‘आझादीसॅट-२’ कक्षेत यशस्वीपणे स्थिरावला.

पहिली ओळ आम्ही पुसली असती, तर तक्ता नीटनेटका दिसला असता. पण दुसऱ्या उपग्रहाच्या नावातील ‘दोन’ हा आकडा कोठून आला, हे वाचणाऱ्यास कधीच कळले नसते. त्या मुलींच्या श्रमाची नोंदही उरली नसती. म्हणून आमच्या नोंदवहीत नष्ट झालेल्या उपग्रहासही त्याची ओळ आहे.