हे वार्धक्य, की उतरलेली साखर?

एकादशीचा दिवस. पंचाहत्तरी ओलांडलेल्या आजोबांनी सकाळी सातला नेहमीप्रमाणे मधुमेहाची गोळी घेतली, बिनसाखरेचा चहा घेतला आणि ते पूजेला बसले. रोज आठ वाजता होणारी न्याहारी आज नव्हती. फराळ बारानंतर, सगळ्यांबरोबर व्हायचा होता. साडेअकराच्या सुमारास सून काही विचारायला गेली, तर ते तिच्याकडे नुसते पाहत राहिले. मग उत्तर दिले, ते भलतेच. सदऱ्याची गुंडी लावता लावता त्यांचा हात मध्येच थांबला. "बाबा, बरं वाटत नाही का?" असे तिने विचारताच ते एकदम अंगावर ओरडले, "मला काय धाड भरलीय? जा, तुझं काम कर." सून निमूटपणे परतली. उपासाने आणि वयाने माणूस चिडचिडा होतो, अशी घरात सर्वांचीच समजूत होती. तासाभराने फराळासाठी हाक मारायला गेले तेव्हा आजोबा पाटावरच एका बाजूला कलंडलेले होते आणि सदरा घामाने ओलाचिंब झाला होता.

हा प्रसंग कल्पिलेला असला, तरी त्यातील एकही तपशील दुर्मिळ नाही. घरात मधुमेह आला की सगळ्यांचे लक्ष साखर वाढू नये याकडे लागते. पेढ्यांचा डबा दृष्टीआड होतो, आंब्याच्या फोडी मोजल्या जातात. साखर उतरण्याकडे मात्र 'जरा चक्कर आली, गोड खाल्ले, बरे वाटले' इतक्या हलकेपणाने पाहिले जाते. वास्तविक वाढलेली साखर शरीराचे नुकसान बहुधा वर्षानुवर्षे, हळूहळू करते. उतरलेली साखर अर्ध्यापाऊण तासात माणसाला आडवे करू शकते.

रक्तातील ग्लुकोज दर डेसिलीटरला ७० मिलिग्रॅमच्या खाली गेले, की साखर उतरली असे समजतात. ५४ च्या खाली गेले, तर ते चिंताजनक. आणि यंत्रावरचा आकडा कोणताही असो, माणसाला स्वतःला सावरता येईनासे झाले, दुसऱ्याच्या मदतीची गरज लागली, तर तो प्रसंग तीव्र मानला जातो. या साऱ्यात सर्वांत आधी अडचणीत येतो तो मेंदू. शरीराच्या वजनात त्याचा वाटा जेमतेम दोन टक्के, पण विश्रांतीच्या वेळी शरीर खर्च करते त्यापैकी सुमारे पंचमांश ऊर्जा तो एकटा घेतो. आणि ग्लुकोजचा म्हणावा असा साठा त्याच्याजवळ नसतो. पुरवठा आटला की त्याचे काम मंदावते.

निसर्गाने यासाठी धोक्याची घंटा ठेवलेली आहे. साखर उतरू लागताच शरीरात अ‍ॅड्रेनलिन स्रवते. हातांना कंप सुटतो, छातीत धडधडते, दरदरून घाम फुटतो, पोटात खड्डा पडल्यासारखी भूक लागते, ओठांभोवती मुंग्या येतात, जीव घाबरा होतो. ही झाली शरीराची हाक. साखर आणखी खाली गेली की मेंदूची लक्षणे दिसू लागतात. शब्द सुचत नाहीत, बोलणे जडावते, नजर अंधुक होते, तोल जातो, झापड येते, माणूस असंबद्ध बोलतो किंवा विनाकारण भांडतो. तरुण माणसात या दोन टप्प्यांमध्ये पुरेसे अंतर असते. घंटा ऐकून साखरेच्या डब्यापर्यंत जाण्याइतका वेळ त्याला मिळतो. उतारवयात हे अंतर फार कमी होते, कित्येकांत जवळजवळ उरतच नाही. घंटा वाजते त्याच वेळी ती ऐकणारी बुद्धीही मंदावलेली असते. म्हणून 'थरथर सुटली की मी आपणहून काहीतरी खाईन' हा वृद्धांचा भरवसा फार काळ पुरत नाही.

कुटुंबीयांची फसगत होते ती इथेच. वृद्धांत उतरलेली साखर बऱ्याचदा उतरलेल्या साखरेसारखी दिसतच नाही. ती म्हातारपणासारखी दिसते. आजी आज फारच हट्टीपणा करताहेत, तोच प्रश्न पुन्हा विचारताहेत, दुपारीच पेंगताहेत, न्हाणीघराच्या उंबऱ्याशी अडखळून पडल्या. यांपैकी प्रत्येक गोष्टीला 'वय झाले' हे उत्तर तयार असते, आणि नेमके तेच घातक ठरते. क्वचित एका बाजूचा हात लुळा पडतो, तोंड वाकडे होते आणि अर्धांगवायूचा झटका आला असे वाटते. अशा वेळी रुग्णालयाची वाट धरावीच, पण रुग्ण मधुमेही असेल तर निघण्यापूर्वीच्या त्या मिनिटात बोटाला टोचून साखर पाहावी. विस्मरणाचा आजार जडलेल्यांच्या बाबतीत तर गुंता दुहेरी आहे. जेवल्याचे किंवा गोळी घेतल्याचे स्मरण राहत नाही म्हणून साखर उतरते, आणि साखर उतरल्याने आलेला गोंधळ विस्मरणाच्या खाती जमा होतो.

आपल्या माणसाचा रोजचा स्वभाव ज्याला ठाऊक आहे, त्यालाच 'आज काहीतरी निराळे आहे' हे चटकन कळते. कोणतेही यंत्र हे काम करणार नाही. अनेकांच्या बाबतीत प्रत्येक वेळी तेच एखादे लक्षण पहिल्यांदा दिसते: एखाद्याला जांभया येतात, एखादी आजी पदराशी चाळा करू लागते, कोणी अगदी गप्प होते. हे लक्षण घरातील प्रत्येकाला, दिवसा येणाऱ्या मदतनीस बाईंनासुद्धा, सांगून ठेवावे.

रक्तदाब किंवा हृदयविकारासाठी मेटोप्रोलॉल, अ‍ॅटेनोलॉल, प्रोप्रॅनोलॉल अशी औषधे चालू असतील, तर कंप आणि धडधड ही दोन लक्षणे झाकली जाऊ शकतात. घाम मात्र येतोच. तेव्हा पंख्याखाली बसलेल्या माणसाला अकारण घाम फुटला, तर ती खूण मानावी. ही औषधे म्हणून आपल्या मनाने बंद करू नयेत; ती हृदयासाठी दिलेली असतात. ज्यांची साखर वारंवार उतरते त्यांची घंटा तर आपोआपच मंदावत जाते. शरीराला त्या उतरण्याची जणू सवय होते. काही आठवडे कटाक्षाने साखर उतरू दिली नाही, तर बऱ्याच जणांना ही जाणीव पुन्हा येऊ लागते.

रात्रीचा प्रकार याहून फसवा. उशी घामाने ओली, रात्रभर वाईट स्वप्ने, झोपेत बरळणे, सकाळी डोके जड आणि अंग मोडून आल्यासारखे. ही तक्रार दोनतीनदा कानावर आली, तर पहाटे तीनच्या सुमारास एकदोन दिवस साखर तपासावी आणि तो आकडा डॉक्टरांना दाखवावा.

आता उपाय. शंका आली की साखर तपासावी. ग्लुकोमीटर हाताशी नसेल, पट्ट्या संपल्या असतील, तर वाट न पाहता उपचार करावा. साखर उतरलेली नसताना चार चमचे साखर पोटात गेली, तर तासदोन तास आकडा वाढेल, एवढेच. उतरलेली असताना ती न देणे महागात पडते. माणूस शुद्धीवर असेल आणि गिळू शकत असेल, तर सुमारे १५ ग्रॅम ग्लुकोज द्यावे, म्हणजे चहाचे तीनचार चमचे ग्लुकोज पावडर किंवा साखर अर्ध्या पेल्याहून थोड्या जास्त पाण्यात विरघळवून. फळांचा गोड रस अर्धा कप चालेल. पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासावे. अजून ७० च्या खाली असेल, तर तेवढेच पुन्हा. आकडा वर आला की पोळी, भात, दूध, बिस्किटे असे काही खायला द्यावे, नाहीतर साखर परत घसरते. चॉकलेट, बर्फी, पेढा हे या वेळचे औषध नव्हे. त्यातील स्निग्धांशामुळे साखर रक्तात उशिरा उतरते. बिनसाखरेची शीतपेये आणि मधुमेह्यांसाठीच्या गोड गोळ्या यांचा तर काहीच उपयोग नाही. ज्या घरातून मधुमेहाच्या धास्तीने साखरेचा डबाच हद्दपार झाला आहे, त्या घरात ऐनवेळी हीच पंचाईत होते.

वोग्लिबोज किंवा अकार्बोज या औषधांचे नाव गोळीच्या पाकिटावर असेल, तर एक गोष्ट विसरू नये. आपल्याकडे वोग्लिबोज बऱ्याचदा मेटफॉर्मिन व ग्लिमेपिराइड यांच्याबरोबर एकाच गोळीत असते, त्यामुळे पाकीट वाचूनच ते कळते. ही औषधे आतड्यात साखरेचे विघटन लांबवतात. त्यामुळे स्वयंपाकघरातील साखर किंवा गूळ देऊन चटकन फरक पडत नाही. तिथे ग्लुकोज पावडरच हवी. ती स्वस्त असते आणि कोणत्याही औषधाच्या दुकानात मिळते. एक पुडा औषधांच्या डब्यात, एक उशाशी आणि एक फिरायला जाताना पिशवीत असावा.

साखर उतरलेला माणूस 'मला काही झालेलं नाही' म्हणून पेला दूर सारतो, हा अनुभव पुष्कळांना आहे. त्या क्षणी त्याची समजूत घालण्यात अर्थ नसतो, कारण समजून घेणारा मेंदूच उपाशी आहे. वाद न घालता, शांतपणे, 'एवढं सरबत घ्या, मग बोलू' असे म्हणून पेला हाती द्यावा. नंतर त्या वेळच्या बोलण्याचा राग धरू नये.

शुद्ध हरपली असेल, झटके येत असतील किंवा गिळता येत नसेल, तर तोंडात काहीही घालू नये. चमच्याने पाणी पाजणे, दातांत साखर भरणे यांमुळे ते श्वासनलिकेत जाण्याचा धोका असतो. माणसाला कुशीवर वळवावे, कपडे सैल करावेत आणि १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. दूरध्वनीवर 'मधुमेही आहेत, इन्सुलिन घेतात' किंवा 'गोळ्या घेतात' हे आधी सांगावे.

गोळीमुळे उतरलेली साखर एकदा वर आली म्हणून प्रसंग संपला असे नसते. ग्लिमेपिराइड, ग्लिक्लाझाइड, ग्लिबेनक्लामाइड या वर्गातील औषधांचा प्रभाव बराच काळ टिकतो आणि साखर काही तासांनी पुन्हा घसरू शकते. रुग्णालयात 'एक दिवस ठेवून घेऊ' असे म्हणतात ते यासाठीच. ग्लिबेनक्लामाइड तर वृद्धांना शक्यतो देऊ नये, असे आता मानले जाते. केवळ मेटफॉर्मिनने साखर क्वचितच इतकी उतरते. तेव्हा आपल्या पाकिटावर नेमके कोणते नाव आहे, हे पाहणे ही काळजीवाहकाची पहिली जबाबदारी आहे.

बहुतेक वेळा कारण साधे असते: औषध वेळेवर, जेवण अवेळी. एकादशी, चतुर्थी, हरतालिका, नवरात्र यांचे उपास उतारवयातही मनापासून केले जातात, आणि त्या श्रद्धेची थट्टा करण्याचे कारण नाही. उपास करायचाच असेल, तर त्या दिवशी गोळी किती आणि केव्हा, हे डॉक्टरांना आधीच विचारून घ्यावे. तसे न केल्यास सकाळी साखर उतरते आणि दुपारी साबुदाण्याच्या खिचडीने वर उसळते, म्हणजे दोन्ही बाजूंनी नुकसान. उलट्या-जुलाब, तोंडाची चव जाणे, मूत्रपिंडाचे काम मंदावल्याने औषध अंगात साठून राहणे, संसर्गासाठी दिलेली लिव्होफ्लॉक्सासिन किंवा को-ट्रायमॉक्साझोलसारखी औषधे, हीही कारणे आहेत.

इन्सुलिन घेणाऱ्यांच्या घरातील एक चूक मात्र सविस्तर सांगायला हवी. आपल्याकडे कुपीतील इन्सुलिन बहुधा दर मिलिलीटरला ४० युनिटचे आणि पेनमधले १०० युनिटचे असते. ४० साठीची सिरिंज लाल टोपणाची, १०० साठीची नारिंगी. पेन बिघडले म्हणून त्यातील इन्सुलिन लाल टोपणाच्या सिरिंजमध्ये २० च्या खुणेपर्यंत ओढले, तर अंगात ५० युनिट जातात, म्हणजे अडीचपट. कुपीवरचा आकडा आणि सिरिंजवरचा आकडा एकच आहे ना, हे दर वेळी, चष्मा लावून पाहावे.

शेवटी प्रश्न उरतो तो उद्दिष्टाचा. तीन महिन्यांची सरासरी दाखवणारा एचबीएवनसीचा अहवाल साडेसहा आला की घरात कौतुक होते. परंतु ही केवळ सरासरी आहे. अडीचशे आणि पन्नास यांचीही सरासरी चांगलीच दिसते. २००८ साली 'अ‍ॅकॉर्ड' या मोठ्या अभ्यासात हा आकडा सहाच्या खाली आणण्याचा कसून प्रयत्न केलेल्या गटात मृत्यू अधिक आढळले आणि तो प्रयत्न मुदतीआधीच थांबवावा लागला. मृत्यूंचे कारण साखर उतरणे हेच होते, असे त्यातून सिद्ध झाले नाही. पण साखर तीव्र उतरण्याचे प्रसंग त्या गटात सुमारे तिप्पट होते. आज अमेरिकन डायबिटीस असोसिएशनसारख्या संस्था अनेक व्याधी असलेल्या किंवा स्मरणशक्ती खालावलेल्या वृद्धांसाठी आठच्या खालचा आकडा पुरेसा मानतात, आणि अगदी थकलेल्यांसाठी आकड्याचा आग्रहच धरत नाहीत. 'वडिलांची साखर दोनदा उतरली. औषध कमी करता येईल का?' असे विचारताना संकोच वाटू देऊ नये. डॉक्टरांना त्या दोन प्रसंगांची माहिती घरून कोणी दिली, तरच मिळते.

अनेक आईवडील आज एकटे राहतात आणि मुले परगावी किंवा परदेशी. त्यांच्या हाती असतो फक्त दूरध्वनी. आईचा आवाज जड वाटला, ती शब्द चाचपडू लागली, ठरलेल्या प्रश्नाला भलतेच उत्तर आले, तर 'दमली असेल' म्हणून फोन ठेवू नये. 'जेवलीस का? गोळी कधी घेतलीस?' असे विचारून फोन चालू असतानाच तिला ग्लुकोज घ्यायला लावावे, आणि दुसऱ्या फोनवरून शेजाऱ्यांना हाक घालावी. दाराची एक किल्ली त्या शेजाऱ्यांकडे आधीपासूनच असलेली बरी.