थ्रॉटल आपणहून हलतो तेव्हा

राळेगणसिद्धीहून वाडेगव्हाण फाट्यावर आलं की पुणे-नगर महामार्ग लागतो. एका अंगाला सुपे आणि नगर, दुसऱ्या अंगाला शिरूर आणि पुणे. नगरला, म्हणजे आताच्या अहिल्यानगरला, डीआरडीओची 'व्हीआरडीई' ही वाहन संशोधन संस्था आहे. 'निशांत' या चालकविरहित विमानासाठी देशी वँकेल इंजिन घडवण्यात बंगळुरूच्या एनएएल आणि एडीई या संस्थांबरोबर तिचाही वाटा होता. त्या इंजिनावर 'निशांत' 2009 साली उडालं. महामार्गाच्या दुसऱ्या टोकाला पुण्याच्या बुधवार पेठेतली तपकीर गल्ली आहे. इलेक्ट्रॉनिक्सचे सुटे भाग घ्यायला पुण्याचे विद्यार्थी तिथंच जातात.

चालकविरहित विमानात थ्रॉटलला, म्हणजे इंजिनाची ताकद कमीजास्त करणाऱ्या नियंत्रकाला, हात लावायला कुणीच बसलेलं नसतं, ते काम छोटी सर्व्हो मोटर करते. प्रवासी विमानात मात्र माणूसही असतो आणि मोटरही. थ्रॉटलच्या एकाच दांड्यावर दोघांचा ताबा असला की त्यांचं जमायचं कसं, हा या लेखाचा विषय आहे. तो समजून घ्यायला विमान उडवण्याचा आभास देणाऱ्या, घरी बांधलेल्या सिम्युलेटरइतकी चांगली जागा नाही.

भात्यापासून सुरुवात

सिम्युलेटरचा जन्मच मुळी एका कारखान्यातल्या खटपटीतून झाला. अमेरिकेतल्या बिंगहॅम्टन गावी एडविन लिंक यांच्या वडिलांचा ऑर्गन आणि पियानो बनवण्याचा कारखाना होता. लिंक यांनी तिथलेच हवेचे भाते वापरून 1929 साली जमिनीवर डुलणारं, वळणारं छोटं विमान तयार केलं. आपल्या पेटीत सूर काढणारा भाता असतो, त्याच जातीच्या भात्यांनी तिथं वैमानिक घडवले. दुसऱ्या महायुद्धात दोस्त राष्ट्रांच्या हजारो वैमानिकांनी या 'लिंक ट्रेनर'वर धडे गिरवले. आज संगणकावरच्या एक्स-प्लेन किंवा मायक्रोसॉफ्ट फ्लाइट सिम्युलेटरला स्वतः बनवलेलं कॉकपिट जोडणारे हौशी लोक याच वाटेनं चालले आहेत.

हलणारे दांडे, न हलणारे दांडे

बोइंग 737 मध्ये ऑटोथ्रॉटल चालू असला की संगणक इंजिनाची ताकद कमीजास्त करतो आणि त्याबरोबर मोटर थ्रॉटलचे दांडेही पुढेमागे सरकवते. वैमानिकाचा हात दांड्यावर असेल, तर यंत्राचा निर्णय त्याला न बघता कळतो. एअरबस ए-320 मध्ये तसं नाही. तिथं दांडे एका खाचेत स्थिर राहतात, ताकद बदलते ती आतल्या आत. यंत्रणा हलकी होते, बिघडणारे भाग कमी होतात. वैमानिकानं काटे आणि पडदा बघावा, अशी तिथं अपेक्षा असते.

14 फेब्रुवारी 1990 रोजी मुंबईहून निघालेलं इंडियन एअरलाइन्सचं 605 क्रमांकाचं ए-320 बंगळुरूला उतरताना धावपट्टीच्या अलीकडे गोल्फच्या मैदानावर कोसळलं. विमानातल्या 146 जणांपैकी 92 जण गेले. उतरण्याच्या शेवटच्या टप्प्यात विमान अशा मोडमध्ये होतं की इंजिनं मंद गतीवर राहिली आणि वेग घटत गेला. ताकद पुन्हा वाढवली तेव्हा वेळ निघून गेली होती. दांडे हलते असते तर अनर्थ टळला असता, असं छातीठोकपणे म्हणता येणार नाही. पण इंजिन मंदावल्याचं हाताला सांगणारी एक खूण त्या कॉकपिटमध्ये नव्हती, हे खरं.

मग हलते दांडे हाच उपाय का? तर तसंही नाही. 25 फेब्रुवारी 2009 रोजी तुर्किश एअरलाइन्सचं बोइंग 737 अ‍ॅमस्टरडॅमला उतरत होतं. डाव्या रेडिओ अल्टिमीटरनं उंची चुकून उणे 8 फूट दाखवली. विमान जमिनीला टेकतंय असं समजून ऑटोथ्रॉटलनं दांडे मागे खेचले. धोक्याचा इशारा होताच सहवैमानिकानं ते पुढे ढकलले, पण ऑटोथ्रॉटल चालूच होता. हात सुटताच मोटरनं दांडे पुन्हा मागे नेले. 135 पैकी 9 जणांचा जीव गेला.

जानेवारी 2021 मध्ये इंडोनेशियात श्रीविजय एअरच्या 737 मध्ये उजवा दांडा अडकून बसला आणि संगणकानं त्याची भरपाई म्हणून डावा मागे मागे ओढत नेला. विमान डावीकडे कलंडलं, 62 जण दगावले. दोन दांड्यांमधलं अंतर डोळ्यांसमोर वाढत होतं. दांडे बोलत होते, ऐकणाऱ्याचं लक्ष मात्र नव्हतं.

घरच्या कॉकपिटमध्ये

हे सगळं हातानं शिकायचं असेल, तर दोन दांड्यांना मोटर लावून बघावी. प्रत्येक दांड्याच्या आसाला एक पोटेन्शिओमीटर लागतो, दांडा कुठे आहे हे तो सांगतो. आर्डुइनो हा छोटा संगणकी बोर्ड ते मोजमाप 0 ते 1023 या आकड्यांत वाचतो. इथं पहिली मेख आहे. पोटेन्शिओमीटर साधारण 270 अंश फिरतो आणि दांड्याचा फेरा 50 अंशांच्या आसपास धरला, तर 1024 पैकी जेमतेम 190 पायऱ्याच वापरात येतात. मध्ये एकास पाच गिअर बसवला की पोटेन्शिओमीटर 250 अंश फिरतो आणि मोजमाप पाचपट बारीक होतं.

दुसरी मेख मोटरची. गिअरची मोटर थेट आसाला जोडली, तर हातानं दांडा ढकलताना गिअरचे दात तुटतात. म्हणून मध्ये घसरता क्लच हवा. दोन चकत्यांमध्ये नमद्याची चकती आणि वरून स्प्रिंगचा दाब, एवढ्यावर काम भागतं. दाब इतकाच ठेवायचा की मोटरला दांडा ओढता यावा, पण माणसाच्या हातापुढे तिनं हार मानावी.

तिसरी गोष्ट प्रोग्रामची. सिम्युलेटरनं मागितलेली जागा आणि दांड्याची खरी जागा यांतला फरक काढायचा, तेवढी मोटर फिरवायची. फरक अगदी थोडा उरला की मोटर थांबवायची. ही सूट ठेवली नाही, तर दांडा एकाच जागी थरथरत राहतो. मोटरला वीजपुरवठा वेगळा द्यावा, नाहीतर तिचा गोंगाट मोजमापात शिरतो.

राळेगणसिद्धीच्या शाळेनं दुसरीकडे नापास झालेल्या मुलांना आवर्जून जागा दिली, हे महाराष्ट्राला माहीत आहे. पुस्तकात अडलेला मुलगा कामातून उलगडतो, हा त्यामागचा विश्वास. असा प्रकल्प त्या विश्वासाला साजेसाच आहे. त्यात गणित आहे, लेथवरचं काम आहे, वीज आहे आणि प्रोग्रामिंगही आहे. आयटीआयच्या कार्यशाळेत तो सहज उभा राहील.

मात्र करणाऱ्यानं एक क्रम पाळावा. मोटर जोडण्याआधी ती बंद करण्याचं बटण दांड्यावर, अंगठ्याखाली बसवावं. मग मुद्दाम एका दांड्याची मोटर बंद करावी, उंचीचा खोटा आकडा द्यावा आणि विमान सावरायचा सराव करावा. यंत्राला काम सोपवणं सोपं आहे. ते काय करतंय हे हाताला कळणं आणि नको तेव्हा ते तत्काळ थांबवता येणं, याची सोय बनवणाऱ्यानंच करायची असते. ट्रॅक्टर असो, पंप असो की विमान, आपल्या मुलांना हा धडा मिळायलाच हवा.