मत न देण्याचे कारण

धुळे लोकसभा मतदारसंघात २०२४ साली डॉ. शोभा बच्छाव यांनी डॉ. सुभाष भामरे यांच्यावर मिळविलेला विजय अवघ्या ३,८३१ मतांचा होता. मतदान २० मे रोजी, सोमवारी झाले आणि दर दहा मतदारांपैकी सुमारे चार जण केंद्रावर गेलेच नाहीत. खानदेशातील मे महिन्याचे ऊन, लग्नसराई, बाहेरगावची नोकरी अशी कारणे कितीतरी असतात. ती विचारणारे मात्र आपल्याकडे कोणी नाही.

ब्राझीलमध्ये ती विचारली जातात. तेथे १८ ते ७० वर्षे वयाच्या साक्षर नागरिकास मतदान बंधनकारक आहे. १६-१७ वर्षांचे तरुण, सत्तरीपुढील ज्येष्ठ आणि निरक्षर यांना ते ऐच्छिक. मतदान रविवारीच होते. परगावी असलेल्याने त्याच दिवशी तशी नोंद करावी, नाहीतर ६० दिवसांत कारण कळवावे. दंड अगदी किरकोळ असतो. परंतु ज्याने कारणही दिले नाही आणि दंडही भरला नाही, त्याचे पारपत्र अडते, सरकारी नोकरीची वाट बंद होते. बोलिव्हियात तर मतदानाचा दाखला नसेल, तर ९० दिवस बँकेचे व्यवहार अडतात. पेढीवर बसणाऱ्यास या शिक्षेचे मर्म वेगळे सांगायला नको!

श्रावकांना या रचनेत एक ओळखीची गोष्ट दिसेल. पच्चक्खाण घेतानाच त्यातील ‘आगार’, म्हणजे सवलती, उच्चारल्या जातात. नियम मोडू नये म्हणूनच त्या असतात. अर्जेंटिनातील सक्तीचा कायदा १९१२ चा. केंद्रापासून ५०० किलोमीटरहून दूर असलेल्या मतदारास तेथे सूट मिळते. या मापाने सुरत, पुणे वा मुंबई येथील धुळेकरास सूट मिळाली नसती. फरक इतकाच, आणि तो मोठा आहे, की पच्चक्खाण स्वेच्छेने घ्यायचे असते.

स्वेच्छेवर सोडल्यास काय होते, याचा अनुभव चिलेने घेतला. २०१२ साली तेथे मतदान ऐच्छिक झाले आणि पुढे अध्यक्षपदाच्या निवडणुकीतही निम्म्याहून कमी मतदार येऊ लागले. सप्टेंबर २०२२ मध्ये नव्या राज्यघटनेवरील सार्वमतास पुन्हा सक्ती लागू होताच हे प्रमाण ८५ टक्क्यांवर गेले. मसुदा मात्र जनतेने फेटाळला.

शेजारच्या गुजरातने स्थानिक स्वराज्य संस्थांसाठी असाच कायदा केला. विधेयक २००९ मध्ये संमत झाले, राज्यपालांची मंजुरी २०१४ मध्ये मिळाली, पुढील वर्षी १०० रुपये दंड ठरला आणि ऑगस्ट २०१५ मध्ये उच्च न्यायालयाने अंमलबजावणीस स्थगिती दिली. मतदानाच्या हक्कात मत न देण्याचाही हक्क येतो, हा त्यातील मुख्य आक्षेप होता आणि तो सहज बाजूला सारण्याजोगा नाही.

महाराष्ट्रात अशी सक्ती नाही. २०२४ मध्ये ८५ वर्षांपुढील मतदारांना घरून मत देण्याची सोय झाली. पुण्यात स्थिरावलेल्या धुळेकरास आपले नाव तेथील यादीत न्यायचे असल्यास नमुना क्रमांक ८ भरता येतो.