रेडिओची पेटी आणि नाशिकचे सागवान

१९५६ सालच्या फेब्रुवारी ते एप्रिल या काळात पुणे आकाशवाणीने युनेस्कोच्या साहाय्याने एक मोठा प्रयोग केला. पुणे, अहमदनगर, नाशिक, उत्तर सातारा आणि कोल्हापूर या पाच जिल्ह्यांतल्या सुमारे १५० गावांत श्रोतृमंडळे निघाली. शेती आणि गावगाड्यावरचे अर्ध्या तासाचे २० कार्यक्रम मंडळाने एकत्र बसून ऐकायचे, ऐकल्यावर चर्चा करायची, शंका केंद्राला कळवायच्या आणि केंद्राने पुढच्या कार्यक्रमांतून त्यांना उत्तरे द्यायची, अशी ती रचना होती. टाटा समाजविज्ञान संस्थेने या प्रयोगाची पाहणी केली आणि पॉल न्यूरथ यांनी त्यावर अहवाल लिहिला. १९५९ पासून ही योजना देशभर नेली गेली.

अहवाल टिकला. कार्यक्रमांची रूपरेषाही कागदावर राहिली. त्या काळात नाशिक जिल्ह्यातली गावे आणि घरे ज्या व्हॉल्व्हच्या रेडिओंभोवती जमत, ते रेडिओ मात्र आता क्वचित दिसतात आणि दिसले तरी बहुधा अर्धेच असतात. आतली धातूची बैठक, जिला दुरुस्ती करणारे चासी म्हणतात, ती शाबूत असते. बाहेरची लाकडी पेटी गेलेली असते. ट्रान्स्फॉर्मर, कॉइल, गँग कंडेन्सर माळ्यावर चाळीस वर्षे पडून राहिले तरी बऱ्याचदा पुन्हा कामाला येतात. लाकडाला मात्र वाळवी लागते, भुंगा लागतो, ओल लागते. जुन्या पेट्यांत प्लायवूड आणि वरचे विनियर सरसाने चिकटवलेले असे. सरस पाण्याने आणि उष्णतेने सुटतो. गळक्या कौलाखाली दोन पावसाळे काढले की विनियर पापुद्र्यासारखे उठते आणि प्लायचे थर एकमेकांना सोडतात. गोदाकाठच्या जुन्या नाशकात १९६९, २००८ आणि २०१९ च्या पुरांनी तळमजल्यावरच्या लाकूडसामानाची किती हानी केली असेल, हे वेगळे सांगायला नको.

अशा रेडिओसाठी नवी पेटी घडवणे हे अवघड काम आहे, आणि ते नाशकात चांगले होऊ शकते असे मला मनापासून वाटते.

पेटीचा मान

२३ जुलै १९२७ रोजी मुंबईत इंडियन ब्रॉडकास्टिंग कंपनीचे केंद्र सुरू झाले, तेव्हा त्याच्या प्रक्षेपकाची शक्ती दीड किलोवॅट होती. खात्रीने ऐकू येण्याचा पल्ला पन्नास किलोमीटरच्या आसपास. नाशिक त्याच्या जवळपास तिप्पट दूर. रात्री आकाशातून परतणाऱ्या लहरी पकडायच्या तर कौलांवर उंच एरियल ताणावी लागे. यंत्र महाग होते आणि वर्षाला १० रुपये परवाना शुल्क भरावे लागे. १९२९ च्या अखेरीस साऱ्या देशात परवानाधारक ८ हजारांच्या आत होते. असा रेडिओ घरात आला की त्याला दिवाणखान्यातली मानाची जागा मिळे, आणि त्या जागेला शोभेल असे रूप त्याला पेटी देई.

इंग्लंडमध्ये हे भान सर्वांत आधी आलेल्यांपैकी एक म्हणजे मर्फी रेडिओ. फ्रँक मर्फी आणि ई. जे. पॉवर यांनी १९२९ मध्ये ही कंपनी काढली. पेट्यांसाठी ते गॉर्डन रसेल या नावाजलेल्या फर्निचरकाराकडे गेले. रसेलचे भाऊ आर. डी. रसेल यांनी आखलेल्या मर्फीच्या पेट्यांवर नक्षी नव्हती. लाकडाचे रेषे, सपाट पृष्ठभाग आणि नेटकी प्रमाणे एवढ्यावरच त्या उभ्या होत्या. १९३५ मध्ये रसेल कंपनीने केवळ या पेट्यांसाठी लंडनजवळ पार्क रॉयल येथे कारखाना उभारला. एको कंपनीने मात्र वेगळी वाट धरली. वेल्स कोट्स यांनी १९३४ मध्ये तिच्यासाठी बॅकेलाइटचा गोल रेडिओ आखला. याच एकोचे नाव भारतात नॅशनल एको या मुंबईच्या कंपनीमुळे घरोघरी गेले. आजची नेल्को ती हीच. बॅकेलाइट साच्यात दाबून घडवता येते; लाकडाची पेटी मात्र हातानेच जुळवावी लागते. म्हणूनच तिची प्रतिकृती आजही सुतार करू शकतो.

आधी माप, मग करवत

पेटी कितीही सडलेली असो, ती फेकू नये. विनियरचा उरलेला तुकडा लाकूड कोणते होते ते सांगतो. स्क्रूची भोके चासी कुठे बसत होती ते दाखवतात. नॉबच्या आड आणि डायलच्या पट्टीखाली ऊन लागलेले नसते, तिथे कारखान्यातला मूळ रंग सापडतो. काहीच उरले नसेल तर चासीपासून सुरुवात करावी. नॉबच्या दांड्यांच्या मध्यांमधले अंतर, डायलच्या काचेची लांबी-रुंदी, काटा सरकतो ती वाट, खालच्या बोल्टांच्या जागा आणि स्पीकरचा व्यास ही मापे चुकत नाहीत. बाहेरच्या आकारासाठी त्याच मॉडेलचा दुसरा रेडिओ शोधावा. तोही न मिळाल्यास जुन्या छायाचित्रातल्या डायलच्या काचेची रुंदी आपल्याला ठाऊक असते. तिच्या प्रमाणात बाकीची मापे काढता येतात. आपले सुतार अजूनही इंचाचे आठ सूत मोजतात, आणि ब्रिटिश घडणीच्या पेट्याही इंचातच आखलेल्या आहेत. त्यामुळे इथे सेंटिमीटरपेक्षा सुताचे माप अचूक जुळते.

नाशिकचे लाकूड, नाशिकची हवा

पेठ, सुरगाणा आणि पलीकडचे डांग हा सागाचा मुलूख. जुन्या नाशकातल्या वाड्यांचे खांब, तुळया, कडीपाट आणि गणेशपट्ट्या याच लाकडाच्या जोरावर उभ्या राहिल्या. वाडे पडतात किंवा पाडले जातात, तेव्हा त्यांचे सागवान बाजारात येते. पिढ्यान् पिढ्या सुकलेले हे लाकूड पेटीच्या कोपऱ्यांसाठी आणि पट्ट्यांसाठी उत्तम. रंधा मारण्याआधी त्यावरून लोहचुंबक फिरवावे, कारण आत तुटलेले खिळे असतात आणि एकच खिळा पात्याची धार घालवतो. सागात नैसर्गिक तेल असते, म्हणून रंधलेला पृष्ठभाग स्पिरिटने पुसून त्याच दिवशी चिकटवावा. कोरलेला खांब किंवा गणेशपट्टी मात्र रेडिओसाठी कधीही कापू नये. एक वारसा वाचवताना दुसरा चिरडण्यात काही अर्थ नाही.

सगळी पेटी भरीव सागाची करण्याचा मोह होतो, तो आवरावा. नाशकात चार महिने ओल, मग कोरडी थंडी आणि पुढे वैशाखाचे ऊन. भरीव फळी रेषांच्या आडव्या दिशेने या हवेबरोबर फुगते आणि आक्रसते. चौफेर जखडली तर तडकते. जुन्या कारखान्यांनी प्लायवर विनियर लावले ते केवळ काटकसरीसाठी नव्हते. प्लायचे थर एकमेकांना आडवे असल्याने पेटी आपला आकार धरून राहते. विनियर एकाच बाजूला लावले तर फळी वाकते, म्हणून आतल्या बाजूलाही साधे विनियर द्यावे.

गोल खांदे ही खरी परीक्षा. प्लायला मागून करवतीचे काप देऊन ते वाकवता येते, पण पातळ विनियरमधून त्या कापांच्या कडा पुढे उमटतात. लाकडी फर्म्यावर पातळ थर एकावर एक चिकटवून वळण घडवणे अधिक चांगले. लहान त्रिज्येसाठी कोपऱ्यात भरीव सागाची पट्टी खाचेत बसवून नंतर रंध्याने गोल करावी. हे काम वाड्याचा दरवाजा घडवणाऱ्या हाताला परके नाही.

आवाज, उष्णता आणि वीज

पेटी सुंदर दिसली म्हणजे काम झाले असे नाही. स्पीकर पुढे जसा आवाज टाकतो तसाच मागेही, आणि खालच्या सुरांत हे दोन्ही एकमेकांना मारतात. समोरची फळी आणि पेटीच्या बाजू त्यांच्यामधली वाट लांबवतात, म्हणून निवेदकाचा आवाज भरदार लागतो. पेटीची खोली दोन इंचांनी कमी केली किंवा पातळ प्लाय वापरले, तर तोच स्पीकर चिरका किंवा घुमका वाटतो. स्पीकरचे कापड विरळ विणीचे हवे. तोंडाजवळ धरून फुंकले तर हवा सहज पार जायला हवी. सोफ्याचे जाड कापड वरचे सूर गिळते. येवल्याचे हातमाग आणि मालेगावचे यंत्रमाग असलेल्या जिल्ह्यात असे कापड विणून घेणे अशक्य नाही.

पाच व्हॉल्व्हचा रेडिओ साधारण ४० ते ५० वॅट वीज घेतो आणि त्यातली बहुतेक उष्णता होते. मागचे झाकण सच्छिद्रच ठेवावे, तळाची भोके बुजवू नयेत. याहून महत्त्वाची गोष्ट म्हणजे एसी/डीसी रेडिओ. यूसीएच ४२, यूएल ४१, यूवाय ४१ असे व्हॉल्व्ह असलेल्या या संचांत चासी थेट विजेच्या एका तारेला जोडलेली असते. तिथे लाकूड हेच माणसाचे संरक्षण. तळातून वर जाणारा बोल्ट उघडा राहिला किंवा नॉबचा लहान स्क्रू मेणाने झाकला नाही, तर पेटीला हात लावणाऱ्याला झटका बसू शकतो. म्हणून सुतार आणि रेडिओ जाणणारा तंत्रज्ञ या दोघांनी एकत्र बसूनच आराखडा पक्का करावा, आणि तंत्रज्ञाने तपासल्याशिवाय रेडिओला वीज देऊ नये.

शेवटी पॉलिश. चपड्याच्या लाखेचे स्पिरिट पॉलिश दमट हवेत पाणी ओढते आणि त्यावर पांढरट झाक येते, म्हणून हे काम दसऱ्यानंतरचे. कारखान्यातल्या पेट्यांवर फवाऱ्याने रंगीत लॅकर मारलेले असे, कडा किंचित गडद ठेवून. जुन्या रंगाचा नमुना शेजारी ठेवून पातळ हात देत जावे.

नवी आहे, असे सांगणारी पेटी

नवी पेटी जुनी भासवण्यासाठी तिच्यावर चरे पाडणे, डाग घालणे ही फसवणूक आहे. खरी प्रतिकृती आपले वय लपवत नाही. आतल्या बाजूला घडवणाऱ्याचे नाव, साल, वापरलेले लाकूड आणि कोणती मापे मूळची, कोणती अंदाजाची हे लिहून ठेवावे. मूळ पेटीचे उरलेले तुकडे पिशवीत घालून रेडिओबरोबरच ठेवावेत. उद्या कुणाला मूळ पेटी सापडली, तर त्याला आपल्या चुका दुरुस्त करता आल्या पाहिजेत.

आणि एक काम असे आहे, जे करवत न धरताही होते. घरातल्या जुन्या रेडिओची पेटी अजून उभी असेल, तर यंदाच्या दिवाळीच्या आवराआवरीत तिची मापे घ्या, आतून-बाहेरून छायाचित्रे काढा, मागचे मॉडेलचे लेबल टिपून ठेवा. नाशकात १८४० पासून चालत आलेले सार्वजनिक वाचनालय आहे आणि त्याचे वस्तुसंग्रहालयही आहे. मॉडेलवार आराखड्यांची एक फाइल तिथे उभी राहिली, तर चासी हातात घेऊन बसलेल्या कुणालाही अंदाजाने पेटी कापावी लागणार नाही. नाशकाकडे लाकूड आहे आणि घडवणारे हातही आहेत. कमी आहे ती फक्त मापांची, आणि तीही घराघरांतल्या शेवटच्या पेट्या उभ्या आहेत तोवरच भरून काढता येईल.